वाळ्याचा निरोप

सायकलरिक्षा दारात थांबली तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत डांबरानं माखले होते. मागच्या अंगणात कूलरची टाकी आडवी टाकून मी तिच्या सांध्यांना पातळ केलेलं डांबर लावत होते. बाहेर कुणीतरी गावंड्यांचं घर हेच का म्हणून विचारलं, आणि तो आवाज ऐकून मी तशीच पुढच्या दाराकडे धावले. अकोल्यात तो आवाज ऐकू येईल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

दारात माझी आई उभी होती. एका हातात फिरकीचा तांब्या, दुसऱ्या हातात पिशवी, पायाशी पत्र्याची पेटी. पदर कपाळापर्यंत ओढलेला आणि चेहरा उन्हानं विटेसारखा झालेला. मी पाया पडायला वाकले, तशी तिनं दंडाला धरून मला सरळ केलं.

"वाकू नको," ती म्हणाली. "असल्या अवस्थेत वाकतात का?"

मला वाटलं, ती डांबराबद्दलच बोलते आहे. मी हात मागे घेतले आणि म्हटलं, रॉकेलनं धुतले की निघेल हे. ती माझ्याकडे बघून हसली. वडील गेल्यापासून तिचं असं हसू मी पाहिलं नव्हतं.

माझ्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि आई माझ्या घरी पहिल्यांदाच येत होती. त्यामागे काही भांडण नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा रिवाज तेव्हा पुष्कळ घरांत होता. आमच्याकडे तो जरा जास्तच कडक. लेकीच्या गावच्या वेशीतलं पाणीसुद्धा चालायचं नाही. माझी आजी आईच्या सासरच्या शेजारच्याच गावी राहायची, पण माझ्या बारशापर्यंत तिनं तिथं पाऊल टाकलं नव्हतं. बारशाच्या दिवशी ती उंबऱ्यातच बसली आणि आधी पाणी मागितलं, मग मला मांडीवर घेतलं. आई हे आम्हाला गोष्टीसारखं सांगायची. त्या घोटभर पाण्यात तिला केवढा मान वाटायचा ते तिच्या सांगण्यावरून कळायचं.

त्यामुळे भेट व्हायची ती मीच वाईला गेले तर. पहिली काही वर्षं मी दर उन्हाळ्यात गेले. सगळ्या बहिणी मुलांना घेऊन जमायच्या, घर नुसतं गजबजलेलं असायचं. मग कुणी काही विचारायला लागलं, कुणी काही विचारायचं टाळायला लागलं, आणि मला न विचारणाऱ्यांचाच त्रास जास्त होऊ लागला. मी जायचं सोडलं. दरवर्षी काहीतरी निरोप धाडायचा. त्या वर्षी शेजारचे रोठे मास्तर बहिणीला भेटायला साताऱ्याकडे निघाले होते, तर त्यांच्याजवळ सांगितलं की आईला एवढंच सांगा, घरी वाळ्याची तयारी चालू आहे, यंदा उन्हाळ्यात यायला जमणार नाही.

ते काही खोटं नव्हतं. वऱ्हाडात होळी झाली की घरोघर कूलर खाली उतरतो. आता जागोजाग तयार मिळतात, पण आमचा लोहाराकडून करून घेतलेला होता. लोखंडी पत्र्याचं खोकं, मागे आणि दोन बाजूंना जाळीच्या ताट्या, पुढे पंखा, खाली टाकी. वर्षभरात टाकी गंजायची, ती खरवडायची, डांबर लावायचं. ताट्यांमधला जुना वाळा काढून टाकायचा. नवा वाळा बाजारातून आणायचा, म्हणजे ती मुळांची जटेसारखी भेंडोळीच, ती झटकून, माती काढून, पिंजून ताट्यांत सारखी भरायची. कुठे विरळ राहिली तर तिथून झळ येते, जास्त दाबली तर हवाच येत नाही. माझ्या सासूबाईंचे हात या कामात असे बसले होते की मला त्या पहिली तीन वर्षं फक्त टाकी खरवडायलाच ठेवत. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. बोलायला फटकळ, उंचपुरी बाई. त्यांनी मुलाबाळाविषयी मला एका शब्दानं कधी टोचलं नव्हतं. पण त्या कधी बोलतील, याची वाट बघण्यात माझा निम्मा जीव जायचा.

आत्याबाईंनी ईनबाई, म्हणजे विहीणबाई, आल्या म्हणून पिंजलेला वाळा तिथंच टाकला आणि गूळ-पाणी घेऊन पुढे आल्या. आईनं गुळाचा खडा कपाळाला लावला, पण तोंडात घातला नाही. पेला दोन्ही हातांनी मागे सारून म्हणाली, "आता थोडेच दिवस. मग तुमच्या हातचं पोटभर पिईन."

आत्याबाईंना त्यातलं थोडेच दिवस हे कळलं नाही, रिवाज मात्र माहीत होता. त्यांनी आग्रह केला नाही. त्यांनी एवढंच विचारलं की मग दिवसभर काय करणार. आईनं तांब्या दाखवला. भुसावळला नळावर भरून घेतला होता. संध्याकाळच्या गाडीनं ती परत निघणार होती, तेवढ्यापुरता पुरला असता, असा तिचा हिशेब. वाईच्या माणसाचा हिशेब. अकोल्याच्या उन्हात तांब्याभर पाण्याचं काय होतं ते तिला कुठून ठाऊक असणार.

आई वाईच्या पुढे कधी एकटी गेली नव्हती. ती एकटीच मनमाडला गाडी बदलून आली होती. एवढ्या घाईनं का आलीस, असं मी दोनदा विचारलं, तर म्हणाली, कळल्यावर राहवलं नाही. काय कळलं ते काही सांगेना. मी पाण्याची बादली उचलली की माझ्या हातातून काढून घ्यायची. टाकीजवळ बसू देईना. यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, डांबराचा डबा चुलीवरून उतरवला तेव्हा त्यांनाही बोलली की तिला हा वास कशाला घेऊ देता. कापसाच्या जिनिंगचा हंगाम उतरला होता म्हणून हे त्या दिवसांत घरीच असायचे. ते बिचारे डबा घेऊन परसाच्या पार टोकाला जाऊन बसले.

माझ्या मनात कुठेतरी पाल चुकचुकली होती. पण मी तिकडे बघितलंच नाही.

सावली भिंतीशी सरकली तसे आम्ही सगळे मागच्या पडवीत बसलो. आत्याबाई परत वाळा पिंजू लागल्या. आई त्यांच्याकडे बघत बसली होती, आणि तिला वाटत होतं की या बाई एवढं गवत घेऊन काय करताहेत. आत्याबाई आपल्या नादात म्हणाल्या, "वाळा एकदाचा झाला की मी मोकळी झाली, ईनबाई. मंग काही चिंता नाही."

"वाळ्याची चिंता तुम्ही करूच नका," आई म्हणाली. "तो मान आमचा. वाळे मी घेऊन आलेय."

आत्याबाईंचा हात थांबला. "तिकडून? एवढ्या दुरून वाळा आणला? अवं बाप्पा, इथं पोतंभर पडला आहे न."

"पोतंभर?" आई हसायला लागली. "जोडी असते ती, विहीणबाई. पोतंभर काय करायचेत?"

तिनं कमरेची पिशवी सोडली, तिच्यातून खणाचा तुकडा काढला, आणि तो उलगडून आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवला. चांदीचे दोन लहान वाळे होते. तान्ह्या बाळाच्या पायातले, आत एकेक घुंगरू. चांदी नवी दिसत नव्हती. वडील गेल्यावर आईनं पायातली जोडवी आणि मासोळ्या काढून ठेवल्या होत्या, त्या आटवून तिनं ते करून घेतले होते. पुढे माझ्या भावाच्या थोरल्याच्या पायात ते गेले, आणि बारशानंतर एका पायातला कुठंतरी पडला. पण त्या दिवशी पडवीत ते पिंजलेल्या वाळ्याच्या ढिगाशेजारी चमकत होते आणि आमच्यापैकी कुणीही हात लावत नव्हतं.

मला सगळं कळलं. यांनाही कळलं, कारण ते उठून अंगणात गेले. आत्याबाईंना आमच्या आधीच कळलं असावं. आई तेवढी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली होती, आणि तिचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

आत्याबाईंनी मूठभर वाळा उचलून आईच्या हातात दिला. एरवी धारदार असायचा तो आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्याकडं कूलरमंदी हा लावतेत. रोठे मास्तर ह्याच वाळ्याचं बोलले असतील."

आईनं तो नाकाशी नेला. "वाळाच आहे," ती म्हणाली. "आम्ही माठात टाकतो की. एवढा एवढासा." पोरीच्या घरी वाळ्याची तयारी आहे असं कुणी येऊन सांगितलं, तर तिच्यासारखी बाई माठाचा विचार करणार नव्हतीच. मग तिनं खणाची घडी घातली आणि वाळे पिशवीत ठेवले. "ऐकण्यात चूक झाली माझ्या. तुम्ही काही मनावर घेऊ नका," असं ती आत्याबाईंना म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

ती उठून माजघरात गेली आणि भिंतीला टेकून बसली. तांब्या शेजारी होता. मी उचलून बघितला, रिकामा. मी म्हटलं, आई, निदान आज तरी. तिनं मान हलवली.

दुपार चढली. ज्यांनी तिकडचा उन्हाळा काढलेला नाही त्यांना तो सांगून कळायचा नाही. भिंती आतून तापतात, उशीसुद्धा चटका देते. आम्हा सवयीच्या माणसांनाही तेव्हा घटकेघटकेला पाणी लागायचं, आणि आई सकाळपासून त्या तांब्यावर होती. आधी तिला दरदरून घाम येत होता, मग तो थांबला. घाम थांबलेला बघून आत्याबाई हातातलं काम टाकून आत आल्या. त्यांनी आईच्या कपाळाला हात लावला आणि मला म्हणाल्या की ईनबाईंना ऊन लागलं. त्यांनी कांदा फोडून आईच्या नाकाशी धरला, तळपायांना चोळला. मी डोक्यावर ओला पंचा ठेवला. तेवढं तिनं करू दिलं. पाण्याचा पेला ओठाशी नेला की तोंड फिरवायची.

आत्याबाई परसात जाऊन यांच्यावर कडाडल्या की कूलर आत्ताच्या आत्ता बसव. हे म्हणाले, डांबर अजून ओलं आहे. आत्याबाईंनी त्यांना डांबराची आरती करायची असेल तर नंतर कर असं सुनावलं. मग त्या दोघांनी टाकी उचलली, अर्धा वाळा भरलेल्या ताट्या तशाच चढवल्या आणि खोकं खिडकीला लावलं. आमच्याकडे पंप नव्हता. वरच्या पन्हाळीत बादलीनं पाणी ओतायचं, ते ताट्यांवरून झिरपत खाली यायचं. हे बाहेर उभं राहून बादल्यांमागून बादल्या ओतू लागले. पंखा घरघरला आणि पहिल्यांदा गरम, मग कोमट, मग गार हवा आत आली. त्या उन्हाळाभर आमच्या कूलरला वाळ्यापेक्षा डांबराचाच वास जास्त आला.

आई त्या हवेसमोर आडवी होती. थोडी हुशारी आल्यासारखी वाटली म्हणून मी पुन्हा पेला नेला.

"नको," ती म्हणाली. जीभ कोरडी पडून टाळूला चिकटत होती, शब्द नीट फुटत नव्हते. "एवढी वर्षं पाळलं. आज प्याले, तर मीच आशा सोडली असं होईल. मग देव तरी कशाला लक्ष घालील?"

"अवं ईनबाई, जीव जाईन," आत्याबाई म्हणाल्या.

"गाडीत बसले की भुसावळला पिईन. मूल झालं की इथलं."

मी तिच्या उशाशी बसले होते. पलीकडे आत्याबाई. खिडकीतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. यांनी आणि मी एक गोष्ट वर्षभर घरात कुणाला सांगितली नव्हती. नागपूरला एका डॉक्टरला दाखवलं होतं, त्यानं सांगितल्यावर दुसऱ्याला दाखवलं. आपण सांगू योग्य वेळी, असं हे म्हणायचे, आणि ती वेळ कधीच यायची नाही. मला भीती आत्याबाईंची होती. आमच्याच गल्लीत एकानं पहिली असताना दुसरी आणली होती, आणि पहिली तिथंच धुणीभांडी करत होती. आत्याबाई तिच्याशी चांगलं बोलायच्या. पण ते दुसऱ्याच्या घरचं होतं.

आईनं डोळे मिटले होते. ओठांना भेगा दिसत होत्या.

"आई," मी म्हटलं, "मला मूल होणार नाही."

तिनं डोळे उघडले.

"आत्ता नाही असं नाही. कधीच होणार नाही. दोन डॉक्टरांनी सांगितलंय. तू कशाची वाट बघून तहानलेली राहतेस? तू यायचं तर याच घरात येशील. हेच माझं घर आहे. आहे हे एवढंच आहे."

पाणी ओतायचं थांबलं होतं. हे बादली घेऊन दारात येऊन उभे होते. कोणात काय दोष होता ते मी तेव्हा बोलले नाही, आणि आजही सांगणार नाही. ते आमचं दोघांचं होतं.

आत्याबाईंनी दाराकडे बघितलं. यांनी मान खाली घातली. मी आत्याबाईंच्या तोंडाकडे बघायचं धाडस करत नव्हते, त्यांच्या हातांकडे बघत होते. बोटांच्या सांध्यांत वाळ्याची माती भरली होती.

"कधी सांगतलं डॉक्टरनं?" त्यांनी विचारलं.

"मागल्या उन्हाळ्यात."

"अन् मी इकडं तवापासून सोमवार करून राहिली." त्या माझ्यावर खेकसल्या, पण ते खेकसणं रोजचंच होतं, मीठ कमी पडल्यावरचं. "सांगाचं तं होतं, शालन. आजही सोमवार आहे. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही माझ्या. उपाशी तरी मेली नसती मी."

आईच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, आणि रडतही होती.

आत्याबाईंनी माझ्या हातातला पेला घेतला. आईच्या मानेखाली हात घालून तिला उठतं केलं. "हे पाहा ईनबाई," त्या म्हणाल्या, "मी सोमवार सोडते. तुम्ही हे सोडा. पोरीले आपण दोघीच आहो. आपण दोघी अशा उपाशी-तहानल्या राहिलो तं तिनं कोणाकडं पाहाचं?"

आईनं माझ्याकडे बघितलं. वाळे पिशवीत ठेवल्यापासून पहिल्यांदाच. तिनं काय शोधलं कोण जाणे. मग तिनं स्वतःच्या हातानं पेला धरला आणि प्यायली. एका दमात नाही. एकेक घोट थांबून, जणू प्रत्येक घोटाला कुणालातरी विचारत. पेला संपला तेव्हा तिनं तो माझ्याकडे पुढे केला, आणि मी पुन्हा भरला.

संध्याकाळची गाडी अर्थातच चुकली. नंतर आई पाऊस लागेपर्यंत राहिली, आणि पुढे ती असेपर्यंत दर उन्हाळ्यात तीच आमच्याकडे यायची. वाईची थंड हवा सोडून अकोल्याला जातेस म्हणून भावकीतल्या बायका तिला वेड्यात काढायच्या.

त्या दिवशी दिवेलागणीला आत्याबाईंनी दोन पाट मांडले. आपला आणि आईचा, कूलरच्या हवेत, शेजारी शेजारी. ज्वारीची भाकर, झुणका आणि मिरचीचा ठेचा. मला म्हणाल्या, तू वाढ, आम्ही दोघी आज पाहुण्या. आईनं पहिल्याच घासाला ठेचा लावला. तो वऱ्हाडी ठेचा. तिचे डोळे पाण्यानं भरले, नाक लाल झालं, तिला बोलता येईना, ती नुसती हात हलवू लागली.

आत्याबाईंनी आपल्या घासावरची नजर न काढता तांब्या तिच्याकडे सरकवला.

"प्या न मंग पाणी," त्या म्हणाल्या. "आता काय अडचण आहे?"